वणी, कांचनबारी आणि सोने

वणी : नाशिक जिल्ह्याच्या दिंडोरी तालुक्यातील बाजारपेठेचे गाव. नाशिकच्या उत्तरेस सुमारे ४० किमी. साडेतीन शक्तिपीठांपैकी अर्धे पीठ मानल्या जाणाऱ्या सप्तशृंगगडाच्या पायथ्याचे गाव म्हणून प्रसिद्ध. गड मात्र कळवण तालुक्यात मोडतो. कोळशाच्या खाणींची वणी वेगळी, ती यवतमाळ जिल्ह्यात आहे.

नावातील सोने : सातमाळा डोंगररांगेत वणीच्या पूर्वेस, धोडप किल्ल्याच्या पुढे कांचना किल्ला व कांचनबारी ही खिंड आहे. कांचन म्हणजे सोने. त्यामुळे येथे कधीकाळी सोन्याची खाण होती काय, हा प्रश्न नावापाशीच उभा राहतो. गडांवरील कातळात कोरलेली टाकी आणि गुहा अंधारात खाणीच्या तोंडांसारख्या भासतात.

खडकाची साक्ष : सातमाळा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांची, म्हणजे बेसाल्टची. या खडकाच्या पोकळ्यांत गारगोटी, कॅल्साइट व झिओलाइटचे स्फटिक सापडतात. त्यांतील स्टिल्बाइट कधी मधाळ रंगाने चमकते, पण ते सोने नव्हे. कर्नाटकातील कोलारचे सोने अडीचशे कोटी वर्षांहून जुन्या खडकांतील गारेच्या शिरांत मिळाले. महाराष्ट्रातही सोन्याच्या खुणा विदर्भात, भंडारा-नागपूरच्या प्राचीन खडकांत आढळल्या आहेत.

खोदकामाची साक्ष : खाण शिरेचा माग काढत वेडीवाकडी खोल जाते, बाहेर फोडलेल्या दगडाचे ढीग आणि खनिज भरडण्याच्या उखळी राहतात. गडावरचे टाके चौकोनी, तळ सपाट, उताराचे पाणी आत येईल असे. ते पावसाळा साठवून शिबंदी जगवण्यासाठी खोदलेले.

इतिहासाची साक्ष : सोने या वाटेने गेले, हे मात्र खरे. ऑक्टोबर १६७० मध्ये शिवाजी महाराजांनी दुसऱ्यांदा सुरत लुटली. मोगलांच्या चौकशीत लुटीचा आकडा ६६ लाख रुपये निघाला. बागलाणमार्गे परतणाऱ्या महाराजांची वाट मोगल सरदार दाऊदखान कुरेशीने कांचनबारीजवळ अडवली. ऐवज पुढे काढून देऊन १७ ऑक्टोबरला मराठ्यांनी उघड्या मैदानात मोगलांचा पराभव केला. हीच वणी-दिंडोरीची लढाई.

जतन : धनाच्या आशेने टाक्याचा तळ फोडला, तर त्यात पाणी ठरत नाही. उन्हाळ्यात गडावर येणारा माणूस आणि गुरे याच पाण्यावर तहान भागवतात. या टाक्यांतून काढायचा तो गाळ.