नोंद नसलेली शिकाऊ : सोलापूरचा विडी उद्योग

शिकाऊ उमेदवार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे आयटीआयचा मुलगा येतो. 1961च्या कायद्यानं त्याची चौकट ठरवली : वय किमान 14, लेखी करार, त्याची नोंदणी, विद्यावेतन. आता आपण सोलापूरच्या पूर्व भागात जाऊ. नवरा यंत्रमागावर, बायको विड्या वळणारी, अशी कित्येक तेलुगूभाषक घरं इथं आहेत. तेंदूपान हे वनोपज, सोलापूरला ते बाहेरूनच येतं. पण त्याचं काम शिकवण्याची शाळा घरातच भरते, आणि भरती आईच करते.

रात्री पानं भिजवायची, ओल्या फडक्यात गुंडाळायची. मग पत्र्याच्या फर्म्याच्या मापानं कात्रीनं कापायची, तंबाखू भरून वळायची, दोरा बांधायचा, तोंड मुडपायचं. मुलीच्या हाती आधी येतं ते तोंड मुडपणं, दोरा बांधणं, 25 विड्यांचा कट्टा करणं. वळणं शेवटी. कारण उघड आहे : पान बिघडलं तर तोटा आईचा, मजुरी हजार विड्यांच्या हिशेबानं.

कायद्याला हे दिसत नव्हतं का? दिसत होतं. 1938च्या कायद्यानं विडीच्या कामाला मुलं लावायला बंदी केली, पण कुटुंबाच्या मदतीनं चालणारं काम वगळलं. 1966च्या विडी कामगार कायद्यानं 14 वर्षांखालच्या मुलांना औद्योगिक जागेत मज्जाव केला. राहतं घर मात्र त्या व्याख्येत नाही. आमच्या मते हा उंबरठाच या इतिहासातली खरी सीमारेषा आहे.

आता छाट. ब्रँचमध्ये माल तपासला जातो, नापास विड्या बाजूला काढल्या जातात, त्यांची मजुरी बुडते. नवशिक्या हाताची छाट जास्त, हे सांगायला नको. गंमत पुढेच आहे (गंमत कसली म्हणा!). 1977 मध्ये विडी उद्योगाला भविष्यनिर्वाह निधी लागू झाला. घरी वळणाऱ्या बायका आमच्या नोकर नाहीतच, असं मालकांचं म्हणणं. पी. एम. पटेल अँड सन्स खटल्यात 1985 साली सर्वोच्च न्यायालयानं ते फेटाळलं. आधार कोणता? माल नापास करण्याचा मालकाचा हक्क! ज्याला विडी नाकारता येते, त्याचं कामावर नियंत्रण आहे. म्हणजे मजुरी कापणारी छाटच नोकरीचा पुरावा ठरली.

पण हा पुरावा कार्डावर जिचं नाव आहे तिच्याच कामाचा. आईशेजारी सूप घेऊन बसणाऱ्या मुलीनं वळलेल्या विड्याही आईच्याच खात्यात जमा. पुढे सासरी गेल्यावर किंवा आई थकल्यावर ती स्वतःचं कार्ड काढते, तेव्हा हात तयार असतो, बोटं दुखायलाही लागलेली असतात; कारखान्याच्या वहीत मात्र ती त्याच दिवशी कामाला लागलेली असते.