बंदुकीच्या दुकानाचा परवाना

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

आमचं घराणं शिकलगारांचं. शिकल करणं म्हणजे हत्याराला धार देणं, त्यावरचा गंज काढून झिलई आणणं. दक्षिण महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत शिकलगारांची दोन-चार घरं असतात. माझे आजोबा एका लहान संस्थानाच्या शिलेखान्यात तलवारी आणि बंदुका साफ करायचे. संस्थानं विलीन झाली, शिलेखान्याला कुलूप लागलं आणि आजोबा धार लावायचं चाक खांद्यावर टाकून कात्र्या-सुऱ्यांसाठी गावोगाव फिरू लागले.

त्यांच्या धाकट्या मुलानं, म्हणजे माझ्या चाचांनी, मात्र बंदूक सोडली नाही. जिल्ह्याच्या गावी बंदुकीचं एक जुनं दुकान होतं. तिथे ते वीस वर्षं कारागीर होते. दुनळीचा घोडा नीट बसत नसेल, नळीत गंज धरला असेल, दस्त्याला चीर गेली असेल, तर लोक मालकाला नव्हे, चाचांना विचारत. १९८८ साली मालक थकले आणि दुकान बंद झालं. चाचांनी स्वतःचं दुकान काढायचं ठरवलं. मी तेव्हा बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. घरात अर्ज लिहिता येणारा मी एकटाच, म्हणून अर्ज मी लिहिला. रॉकेलच्या दुकानाला लागतो तसाच हाही एक परवाना असेल, अशी माझी समजूत होती. त्या एका कागदामागे एकशे तीस वर्षांचा इतिहास उभा आहे, हे मला पुढे कळलं. तोच आज सांगायचा आहे.

सुरुवात १८५७ पासून करावी लागते. उत्तरेत उठाव पेटलेला असतानाच कंपनी सरकारनं हत्यारं आणणं, बनवणं, विकणं आणि बाळगणं यांवर निर्बंध घालणारा कायदा केला. त्याची झळ आपल्या बाजूलाही लागली. मुधोळ संस्थानातल्या हलगलीच्या बेरडांनी हत्यारं द्यायला नकार दिला. हत्यार हीच त्यांची रोजी आणि हत्यार हीच त्यांची अब्रू. नोव्हेंबर १८५७ मध्ये त्या गावावर फौज गेली आणि पुढच्या महिन्यात कित्येकांना फाशी दिलं गेलं. १८५८ मध्ये नरगुंदचे संस्थानिक बाबासाहेब भावे उठले. दत्तक नाकारला गेल्याचं दुःख तर त्यांना होतंच, पण शस्त्रं हवाली करण्याच्या हुकुमाचा सलही होता. त्यांनाही बेळगावला फाशी झाली.

उठाव शमला, पण कायदा शमला नाही. १८६० साली नवा कायदा आला. त्यानं हत्यारं बनवणाऱ्या आणि विकणाऱ्यासाठी परवाना ठेवला, आणि एखाद्या मुलखातून सगळी हत्यारं काढून घेण्याचा अधिकारही सरकारकडे ठेवला. पिढ्यान् पिढ्या लोहार, कासार, शिकलगार जे काम करत आले होते, ते आता परवान्याचं काम झालं.

मग १८७८ साल उजाडलं. व्हाइसरॉय होते लॉर्ड लिटन. त्या एका वर्षात दोन कायदे झाले. एकानं देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांच्या तोंडाला पट्टी बांधली, तर दुसऱ्यानं, म्हणजे शस्त्र कायद्यानं, लोकांच्या हातातली बंदूक परवान्याला बांधली. मी कविता लिहितो, त्यामुळे हे दोन कायदे एकाच वर्षाचे आहेत हे वाचलं तेव्हा मी थोडा वेळ थांबलो होतो. वर्तमानपत्रांचा कायदा लॉर्ड रिपननं १८८२ मध्ये रद्द केला. शस्त्र कायदा मात्र ऐंशीहून अधिक वर्षं टिकला. लेखणीचा धंदा करणारा मी लवकर सुटलो, बंदुकीचा धंदा करणारे चाचा अडकून राहिले, असंच म्हणायचं.

त्या कायद्यात खरी बोच होती ती वेगळीच. त्याखालच्या नियमांनी युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मंडळींना परवान्यातून सूट दिली होती. म्हणजे बंदूक धोक्याची नव्हती, ती कोणाच्या हातात आहे यावर धोका ठरत होता. हे लोकांना फार लागलं. १८८७ साली मद्रासला काँग्रेसचं तिसरं अधिवेशन भरलं. अध्यक्ष होते मुंबईचे बॅरिस्टर बद्रुद्दीन तैयबजी. त्या अधिवेशनात शस्त्र कायदा सौम्य करावा, असा ठराव झाला. या कायद्यानं प्रजेच्या निष्ठेवर विनाकारण डाग लावला आहे, असा त्या ठरावाचा सूर होता. मागणी बंदुकीची कमी आणि विश्वासाची जास्त होती.

सरकारचा अविश्वास अगदीच हवेतला होता का? तसंही म्हणता येत नाही. कलकत्त्यात रोडा आणि कंपनी नावाची बंदुका विकणारी मोठी पेढी होती. २६ ऑगस्ट १९१४ रोजी तिचा एक कारकून परदेशातून आलेला माल सोडवायला जकात कचेरीत गेला. २०२ पेट्या सुटल्या, पण पेढीच्या गोदामात पोचल्या १९२. उरलेल्या दहा पेट्या बैलगाडीतून क्रांतिकारकांकडे गेल्या. त्यांत ५० माउझर पिस्तुलं आणि ४६ हजार काडतुसं होती. पुढे बंगालमधल्या अनेक क्रांतिकारी हल्ल्यांत तीच पिस्तुलं वापरली गेली, अशी नोंद १९१८ च्या रौलट समितीनं केली. बंदुकीच्या दुकानातल्या हिशोबात दहा पेट्यांचा फरक पडला की काय होतं, याचं हे उदाहरण. क्रांतिकारकांबद्दल मला आदर आहे. पण राज्य कोणाचंही असो, दुकानदाराच्या साठ्याच्या वहीकडे सरकार डोळे वटारून का पाहतं, हे या घटनेवरून समजतं.

पहिल्या महायुद्धानंतर, १९२० च्या सुमारास, नियमांतला गोऱ्या-काळ्याचा भेद काढला गेला. परवाना मात्र राहिला. जानेवारी १९३० मध्ये गांधीजींनी सरकारपुढे अकरा मागण्या ठेवल्या. त्यांत मीठ होतं, शेतसारा होता, दारूबंदी होती आणि स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने मिळावेत, ही मागणीही होती. अहिंसेच्या पुजाऱ्यानं हे मागावं याचं आपल्याला नवल वाटतं. पण त्यांची मागणी नीट पाहिली पाहिजे. परवान्यांवर लोकांचं नियंत्रण असावं, असं ते म्हणत होते. परवाना नको, असं नव्हे. परवाना कोणी द्यायचा, हा त्यांचा प्रश्न होता. १९३१ च्या कराची काँग्रेसच्या ठरावातही नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांमध्ये घातलेला होता.

मग स्वातंत्र्य आल्यावर हा हक्क राज्यघटनेत का नाही? डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत हरी विष्णू कामत यांनी तशी दुरुस्ती मांडली. त्यांनी कराचीच्या ठरावाची आठवण दिली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती मान्य केली नाही. नागरिकाच्या शस्त्र बाळगण्याच्या हक्कापेक्षा वेळ आल्यास शस्त्र उचलण्याच्या त्याच्या कर्तव्यावर भर द्यायला हवा, असं त्यांचं म्हणणं होतं. दुरुस्ती फेटाळली गेली. फाळणीच्या जखमा ओल्या होत्या, गांधीजींच्या खुनाला वर्षही झालं नव्हतं. बाबासाहेबांचं बरोबर होतं, असंच मला वाटतं. ज्या देशात शेजाऱ्याचा शेजाऱ्यावर राग इतक्या लवकर चढतो, तिथे बंदूक सहजी मिळू नये.

१९५९ साली लिटनचा कायदा गेला आणि आपला स्वतःचा शस्त्र कायदा आला. तो १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. बंदूक बनवणं, विकणं, दुरुस्त करणं, तपासून देणं, विक्रीसाठी ठेवणं, या प्रत्येक गोष्टीला त्यात परवाना आहे. दुकानदारानं परवानाधारकालाच माल द्यायचा, विक्रीची नोंद वहीत करायची, ती वही अधिकारी मागेल तेव्हा दाखवायची. एखाद्याचा परवाना संपला किंवा तो वारला, तर त्याची बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे ठेवायची. २०१९ च्या दुरुस्तीनं एका माणसाकडच्या बंदुकांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली, तेव्हाही जास्तीची बंदूक जमा करण्यासाठी हेच दोन दरवाजे ठेवले. म्हणजे बंदुकीचा दुकानदार नुसता विकणारा नसतो, तो लोकांच्या बंदुका सांभाळणाराही असतो.

आता चाचांच्या अर्जाकडे येतो. जागेचा नकाशा दिला. खिडक्यांना लोखंडी गज बसवले. भिंतीत पक्की तिजोरी बसवायला चाचीच्या दोन बांगड्या गेल्या. मग पोलीस ठाण्यातून हवालदार चौकशीला आले. चहा घेतला. घरात माणसं किती, उत्पन्न किती, कोणाशी भांडण आहे का, हे विचारलं. मग जरा घुटमळून विचारलं, "पाकिस्तानात कुणी नातेवाईक?"

चाचा म्हणाले, "हवालदारसाहेब, आमची सोयरीक कृष्णेच्या पलीकडेसुद्धा गेली नाही. आणि तुमच्या जुन्या साहेबांची घरची दुनळी गेल्या पावसाळ्यात मीच दुरुस्त करून दिलीय."

हवालदार हसले. माणूस चांगला होता. पण दीड वर्षानं कचेरीतून जे पत्र आलं, त्यात एकच ओळ होती : सार्वजनिक शांततेच्या दृष्टीनं परवाना देता येत नाही.

चाचांनी ते पत्र माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे मी काय केलंय?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. म्हणून मी कॉलेजच्या ग्रंथालयात जाऊन कायदाच काढून वाचला. परवाना नाकारण्याची कारणं चौदाव्या कलमात आहेत. त्याच कलमात आणखी दोन गोष्टी आहेत. केवळ अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही म्हणून परवाना नाकारता येत नाही. आणि नाकारायचा असेल तर अधिकाऱ्यानं कारणं लेखी नोंदवली पाहिजेत. अर्जदारानं मागितल्यास ती थोडक्यात कळवलीही पाहिजेत, फक्त ती सांगणं लोकहिताविरुद्ध ठरत असेल तेवढा अपवाद. पुढे अठराव्या कलमात अपील आहे. लिटनच्या अमलात प्रजेवर सरसकट संशय होता. आपल्या कायद्यानं निदान एवढं मान्य केलं होतं की, संशय घ्यायचा तर तो एका माणसावर, कारण लिहून घ्यायचा.

मी कारणं मागणारा अर्ज लिहिला. मग अपील लिहिलं. माझ्या आयुष्यात मी लिहिलेलं पहिलं गद्य तेच. दोन वर्षं तारखा पडत गेल्या. १९९२ च्या उन्हाळ्यात निकाल लागला. पहिल्या आदेशात चाचांविरुद्ध एकही ठोस गोष्ट नोंदलेली नाही, असं वरच्या अधिकाऱ्यानं लिहिलं. विक्रीचा परवाना मिळाला नाही. दुरुस्तीचा आणि बंदुका ठेवून घेण्याचा मिळाला. विक्रीत तसाही फारसा जीव राहिला नव्हता. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार संपली होती, परदेशी बंदुकांची आयातही बंद झाली होती. चाचांना दुःख नव्हतं. त्यांनी दुकानाला रंग दिला.

सहाच महिन्यांनी डिसेंबर १९९२ उजाडला. ६ तारखेला अयोध्येत जे झालं, त्यानंतर आमच्याही शहरातली दुकानं भराभर बंद झाली. मी दुकानात पोचलो तेव्हा चाचा वही घेऊन बसले होते. तिजोरीत लोकांच्या अकरा बंदुका होत्या. त्या साऱ्या त्यांनी एकेक करून मोजल्या, वहीशी ताडल्या, आणि आपणहून पोलीस ठाण्यात जाऊन सांगितलं की, माल पाहून घ्या आणि तिजोरीला तुमचं सील लावा. ठाण्यावर तेच हवालदार होते. ते आले, मोजणी झाली, सील लागलं. त्या अकरापैकी नऊ बंदुकांचे मालक हिंदू होते. त्यांतला एकही जण आपली बंदूक परत मागायला आला नाही. पंधरा दिवसांनी सील काढलं, तेव्हा हवालदारांनी वहीत शेरा लिहिला, "साठा बरोबर." चाचा ते पान पुढे सगळ्यांना दाखवायचे.

२०११ साली चाचा गेले. परवाना माणसाच्या नावाचा असतो, तो घराण्याला मिळत नाही. माझ्या चुलतभावानं मोबाइल दुरुस्तीचं काम धरलं होतं. त्याला अर्ज करायचा नव्हता आणि मीही त्याला आग्रह केला नाही. बंदुका ज्याच्या त्याला, ज्यांचे परवाने संपले होते त्यांच्या पोलीस ठाण्यात, अशा पोचत्या केल्या. शेवटी वही जमा करायला मी गेलो. कारकुनानं पानं मोजली, शेवटच्या नोंदीखाली रेघ मारली आणि पोच दिली.

बंदुकीचा परवाना सहजी मिळू नये, असं मी आजही म्हणेन. बंदूक स्वस्त झालेल्या समाजात माणूसही स्वस्त होतो. पण तो नाकारताना सरकारनं एक गोष्ट पाळावी, जी आपल्याच कायद्यात लिहिलेली आहे. कारण सांगावं. चाचा दुकानाशिवाय जगले असते. "म्हणजे मी काय केलंय?" हा प्रश्न उराशी घेऊन मात्र त्यांना जगता आलं नसतं.