ठाणे खाडी : बंदरापासून पक्षी अभयारण्यापर्यंत

प्रस्तावना

मध्य रेल्वेवरील डोंबिवली व दिवा या स्थानकांच्या दरम्यान असलेल्या कोपर परिसराला उल्हास नदीच्या खाडीचा शेजार लाभला आहे. उल्हासचा मुख्य प्रवाह घोडबंदरमार्गे वसईकडे जातो. ठाण्याजवळ त्याचा एक अरुंद फाटा ठाणे खाडीस मिळतो. साष्टी बेटाला मुख्य भूमीपासून अलग करणाऱ्या या खाडीत आज ऐरोलीहून होडीने रोहित पक्ष्यांच्या दर्शनास जाता येते. हा जलमार्ग मात्र पक्षिनिरीक्षणाहून कितीतरी प्राचीन आहे. खाडीचे व्यापारी महत्त्व ओसरून तिला अभयारण्याचे महत्त्व कसे प्राप्त झाले, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

बंदर, रेल्वे आणि मिठागरे

श्रीस्थानक म्हणजे ठाणे हे उत्तर कोकणच्या शिलाहारांचे सत्ताकेंद्र होते. मार्को पोलोच्या वृत्तांतात ठाण्याच्या कापड व चामड्याच्या व्यापाराचा निर्देश आढळतो. पोर्तुगीज अमलानंतर १७३७ मध्ये मराठ्यांनी व १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाणे घेतले. तथापि मुंबई बंदराच्या उत्कर्षासमोर ठाण्याचा सागरी व्यापार मागे पडला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावली. पुढील वर्षी खाडीवर पूल बांधून ती कल्याणपर्यंत गेली. ज्या मालाला पूर्वी होडीवाचून गत्यंतर नव्हते, तो लोहमार्गाने जाऊ लागला.

खाडीच्या पश्चिम तीरावर मुलुंड, भांडुप, कांजूर येथे मिठागरे पसरली, तर पूर्व तीरावर १९६० च्या दशकापासून ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा उभा राहिला. कारखान्यांचे व शहरांचे सांडपाणी खाडीत येऊ लागले, पात्र गाळाने उथळ झाले आणि आगरी-कोळी समाजाची मासेमारी घटत गेली.

रोहित पक्ष्यांचे आगमन

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात शिवडी-माहुल परिसरात आणि पुढे खाडीच्या वरच्या भागात रोहितांचे मोठे थवे दिसू लागले. सांडपाण्यातील पोषकद्रव्यांमुळे वाढलेले शेवाळ हे लहान रोहितांच्या आगमनाचे एक कारण असावे, असे मत अभ्यासकांनी मांडले आहे. ते ग्राह्य धरल्यास एक विसंगती समोर येते : ज्या गाळाने व सांडपाण्याने मच्छीमाराचे जाळे रिकामे केले, त्यांनीच या पक्ष्यांचे ताट वाढले. हे अभयारण्य म्हणजे मानवी स्पर्शापासून अलिप्त राहिलेला निसर्ग नव्हे. ते मानवी इतिहासाचेच अपत्य आहे.

संरक्षणाची वाटचाल

१९९१ च्या किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेने व मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ च्या आदेशाने कांदळवनांना कायद्याचा आधार मिळाला. २०१२ मध्ये राज्याच्या वनविभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला. ६ ऑगस्ट २०१५ रोजी ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य घोषित झाले. त्याचे क्षेत्र १६.९०५ चौरस किलोमीटर असून त्यात सुमारे ८९६ हेक्टर कांदळवन व ७९४ हेक्टर जलक्षेत्र आहे. मालवणनंतरचे (१९८७) हे राज्यातील दुसरे सागरी अभयारण्य होय. २०२२ मध्ये खाडीचा रामसर स्थळांत समावेश झाला.

होडी आणि हद्द

ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून निघणाऱ्या होडीचे वेळापत्रक भरती-ओहोटी ठरवते. ओहोटीला चिखलपट्टे उघडे पडले की रोहितांसह तुतारी, कुरव, सुरय असे पक्षी त्यांवर उतरतात. भरतीला हे पट्टे बुडतात आणि रोहित नवी मुंबईतील तळ्यांचा आश्रय घेतात. ही तळी अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत. मे २०२४ मध्ये घाटकोपर येथे विमानाच्या धडकेने सुमारे ४० रोहित मृत्युमुखी पडले, तेव्हा पक्ष्यांच्या आकाशमार्गाला नकाशावरील हद्द पुरी पडत नाही, हे स्पष्ट झाले.

मच्छीमारांच्या बाबतीतही हद्दीचा प्रश्न महत्त्वाचा आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियमातील १९९१ च्या दुरुस्तीने सागरी जलक्षेत्र अभयारण्यात घेताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यावसायिक हितरक्षणाची अट घातली आहे. या अटीमागील तत्त्व मान्य केल्यास पर्यटकांच्या होडीला मिळालेली वाट हे जाळ्याच्या हक्काचे उत्तर ठरत नाही. पाण्याचे ज्ञान ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपले, त्यांना केवळ नावाडी म्हणून सामावून घेणे अपुरे आहे.

समारोप

व्यापार, रेल्वे, मीठ, कारखाने आणि पक्षी या क्रमाने ठाणे खाडीचे मूल्य बदलत गेले. प्रत्येक टप्प्यावर ते मूल्य बहुधा काठावरील रहिवाशांनी नव्हे, तर बाहेरच्यांनी ठरवले. कोपरनजीकच्या उल्हासकाठाला अभयारण्याचा दर्जा नाही. तेथील कांदळवनाची भिस्त किनारा नियमनावर व न्यायालयीन आदेशांवरच आहे. भरतीचे पाणी मात्र दोन्ही खाड्यांत शिरते. म्हणून संरक्षणाचा विचार अधिसूचित १६.९०५ चौरस किलोमीटरांपुरता मर्यादित न ठेवता भरतीची तळी, उल्हासचा काठ आणि मच्छीमारांचा व्यवसाय यांच्यासह केला, तरच तो इतिहासाशी सुसंगत ठरेल.