एका कडीची कुळकथा

शाळेच्या दप्तराला लोंबणारी पाण्याची बाटली, घरच्या किल्ल्यांचा जुडगा, प्रवासी पिशवीचा बंद, जिथे तिथे अलीकडे एक छोटीशी कडी दिसते. बोटाने दाबली की तिची एक बाजू आत उघडते. सोडली की स्प्रिंगच्या जोराने खट्कन मिटते. मुलांना ती रंगीबेरंगी असते म्हणून आवडते, मोठ्यांना सोयीची म्हणून. तिचे नाव कॅराबिनर. ह्या नावात एक बंदूक दडलेली आहे, हे मात्र सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही.

घोडेस्वाराची आखूड बंदूक म्हणजे कार्बाइन. एका हातात लगाम आणि दुसऱ्या हातात तलवार असताना स्वाराने ही बंदूक ठेवायची कुठे? त्याच्या खांद्यावरून तिरका गेलेला एक रुंद चामडी पट्टा असे आणि त्या पट्ट्याला स्प्रिंगचा आकडा. त्यात बंदुकीची कडी अडकवली की घोडा चौखूर उधळला तरी बंदूक अंगापासून सुटत नसे. जर्मन लोक ह्या आकड्याला 'काराबिनरहाकेन' म्हणत, म्हणजे कार्बाइनचा आकडा. पुढे शब्दातला आकडा गळाला आणि बंदूक तेवढी शिल्लक राहिली. फ्रेंचांची गोष्ट हीच. त्यांचा 'मुस्कतों' हा शब्द मुळात आखूड बंदुकीचा. गिर्यारोहकाच्या कडीलाही ते तोच शब्द वापरतात. इटालियन 'मोस्केतोने' त्याच घराण्यातला. घोडदळे इतिहासजमा झाली, परंतु बंदूक सांभाळणारी कडी माणसे सांभाळू लागली.

हे कसे घडले ते कळायला विसाव्या शतकाच्या आरंभी म्युनिक शहरात जायला हवे. आल्प्सच्या चुनखडी कड्यांचे वेड लागलेली तरुण मंडळी तिथे पुष्कळ होती. दोर होता, कातळाच्या भेगेत ठोकायच्या लोखंडी मेखाही होत्या. अडचण होती ती ह्या दोघांच्या गाठीभेटीची. मेखेच्या डोक्याला कडे असे, परंतु त्यात दोर ओवायचा तर चढणाऱ्याने कमरेची गाठ सोडायची, मोकळे टोक कड्यातून घालायचे आणि पुन्हा कमरेला बांधायचे. पायाखाली बोटभर रुंदीचा आधार, खाली कित्येकशे फूट पोकळी, आणि नेमक्या त्या घटकेला माणूस दोरावाचून! दुसरा उपाय म्हणजे सुतळीच्या छोट्या फासाने दोर मेखेला टांगणे. तोही एका हातानेच करायचा. संरक्षणासाठी केलेली कृतीच चढाईतला सर्वांत धोक्याचा क्षण व्हावी, असा हा उलटा न्याय होता.

ओट्टो हेर्त्सोग (१८८८–१९६४) हा म्युनिकचाच एक गिर्यारोहक. शहरातल्या आगीच्या बंबावरची माणसे आपल्या पट्ट्याला पेरूच्या आकाराच्या उघडझाप कड्या लावतात आणि शिडीवर स्वतःला अडकवून घेतात, हे त्याने पाहिले, असे सांगतात. १९१०च्या सुमारास त्याने ती कडी कड्यावर नेली. मेखेत कडी अडकवायची, कडीत दोर सरकवायचा, खट्! गाठ सोडणे नको की बांधणे नको. एवढ्याशा युक्तीने चढाईची सारी रीतच पालटली. १९१२ साली हान्स ड्युल्फर आणि वेर्नर शारश्मिट ह्या दोघांनी फ्लाइशबांक शिखराची पूर्व भिंत सर केली ती मेखा, कॅराबिनर आणि दोराच्या हेलकाव्यांच्या बळावर.

सगळ्यांना हे रुचले असे नाही. पाउल प्रॉइस नावाचा ऑस्ट्रियन तरुण त्या वेळच्या श्रेष्ठ गिर्यारोहकांपैकी एक होता. मेखांचा आधार घेऊन चढणे म्हणजे पर्वताशी लबाडी, असे त्याचे म्हणणे. आणि जिथून आपल्याला उतरता येत नाही तिथे चढूच नये, हा त्याचा दंडक. १९११ साली ह्यावर जर्मन नियतकालिकांतून मोठा वाद झडला. प्रॉइसचा पक्ष मनाला भुरळ घालतो हे खरे. पण १९१३च्या ऑक्टोबरात तो एकटा, दोराशिवाय चढत असताना कोसळला आणि गेला. ड्युल्फर १९१५ साली आरासजवळ लढाईत मारला गेला. वादातले दोन्ही मोहरे असे तिशीच्या आत नाहीसे झाले, आणि कडी मात्र राहिली.

ही सुरुवातीची कडी पोलादाची होती. एक हातात घेतली तर तिचे वजन जाणवत नाही; वीस-पंचवीस पट्ट्याला लटकवून दिवसभर चढायचे म्हटले की खांदे बोलू लागतात. तेव्हा कडी लहान करा, हलकी करा, ही मागणी पहिल्यापासूनच होती. पण लहान कडीचीही एक किंमत असते. तिचा सर्वांत हृदयद्रावक दाखला स्वित्झर्लंडमधल्या आयगर शिखराच्या उत्तर भिंतीवर १९३६च्या जुलैत मिळाला.

टोनी कुर्त्स आणि आंद्रेआस हिंटरश्टॉइसर हे दोघे बव्हेरियन आणि विली आंगेरर व एडी राइनर हे दोघे ऑस्ट्रियन, असे चार तरुण त्या अजिंक्य भिंतीवर चढत होते. वरून आलेल्या दगडाने आंगेरर जखमी झाला आणि चौघे माघारी वळले. येताना एक गुळगुळीत टप्पा त्यांनी दोराच्या आधाराने आडवा ओलांडला होता. ओलांडून झाल्यावर तो दोर त्यांनी काढून घेतला होता. आता तिथे बर्फाचा थर चढलेला. परतीची वाट मिटली. सरळ खाली उतरण्याच्या प्रयत्नात घात झाला. तिघे मेले, आणि तेवीस वर्षांचा कुर्त्स एकटा दोरावर लटकत राहिला. ह्या पर्वताच्या पोटातून रेल्वेचा बोगदा जातो आणि बोगद्याला भिंतीवर उघडणारी दारे आहेत. त्यातून वाटाडे बाहेर आले, पण त्याच्यापर्यंत पोचू शकले नाहीत. रात्र त्याने तशीच काढली. एक हात गोठून निकामी झालेला. दुसऱ्या दिवशी, २२ जुलैला, त्याने दुसऱ्या हाताने आणि दातांनी दोराचा तुकडा उलगडला, त्याचे पदर एकमेकांना बांधले आणि ती दोरी खाली सोडली. ह्या कामाला काही तास लागले. वाटाड्यांनी तिला दोर, मेखा आणि कॅराबिनर बांधून वर पाठवले. दोर अपुरा पडत होता, म्हणून दुसरा दोर त्याला गाठ मारून जोडला.

कुर्त्स त्या दोरावरून कॅराबिनरमधून उतरू लागला. माणसे खाली हात उंचावून उभी होती. वाटाड्याच्या बर्फकुऱ्हाडीचे टोक त्याच्या बुटांच्या काट्यांना टेकत होते, असे सांगतात. आणि तिथे दोन दोरांची ती गाठ त्याच्या कॅराबिनरपाशी आली व अडकली. कडीच्या पोटातून ती जाईना. गोठलेल्या हाताने त्याने ती रेटून पाहिली, दातांनी ओढून पाहिली. शेवटी आता होत नाही, एवढे म्हणून तो झुकला आणि गेला.

दोष कडीचा नव्हता. गाठ ओलांडायला ताकद उरलेला माणूस कदाचित वाचलाही असता. तरीही कॅराबिनर निवडताना त्याच्या पोटाचा घेर बघणारा माणूस मला शहाणा वाटतो.

आता हलकेपणाकडे. वजन घटवायचे तर धातू बदलायला हवा होता. ॲल्युमिनियम हा पोलादाच्या जवळजवळ एक तृतीयांश वजनाचा. पण शुद्ध रूपात मऊ. त्याला ताठ करण्याची किल्ली आल्फ्रेड विल्म ह्या जर्मन धातुशास्त्रज्ञाला १९०६ साली जवळजवळ योगायोगाने सापडली. तांबे व मॅग्नेशियम मिसळलेले ॲल्युमिनियम तापवून पाण्यात विझवले, तर ते लगेच फारसे कठीण होत नाही. दोन दिवस नुसते पडून राहिले की आपोआप कठीण होत जाते. शनिवारी मोजलेला तुकडा सोमवारी कितीतरी कणखर भरला, अशी कथा आहे. लोणचे मुरावे तसा हा धातू मुरतो. विमाने त्याच्यावर उडू लागली, आणि विमानांच्या मागून गिर्यारोहक आले. १९३५ साली द्र्यू शिखराची उत्तर बाजू रेमों लेनिंजेसह सर करणारा फ्रेंच गिर्यारोहक पिएर आलँ ह्याच्याकडे ॲल्युमिनियमच्या पहिल्या कॅराबिनरचे श्रेय जाते. १९३९च्या सुमाराची ही गोष्ट. नंतर जस्त मिसळलेले आणखी बळकट मिश्रण निघाले. तेही लढाऊ विमानांसाठीच. आजचे बहुतेक हलके कॅराबिनर त्या ७०७५ क्रमांकाच्या धातूचे असतात. शिपायाच्या पट्ट्यावरून निघालेली कडी अशी फिरून युद्धाच्याच कारखान्यातून पुढे आली.

दुसरी बचत आकाराने केली. लंबगोल कडीत भार दोन्ही बाजूंना सारखा वाटला जातो, आणि उघडणारी बाजू नेहमीच दुबळी. इंग्रजी डी अक्षरासारखा आकार दिला की दोर आपसूक अखंड कण्याकडे सरकतो व भार कणा पेलतो. तिसरी बचत घडवण्याच्या रीतीत. साचात दाबून कांबीच्या दोन्ही अंगांनी धातू काढून घेतात; आडवा छेद रेल्वेच्या रुळासारखा दिसतो. अशा युक्त्यांनी कुलूपबंद कॅराबिनर चाळीस-पंचेचाळीस ग्रॅमपर्यंत उतरला आहे. पोलादी असाच कॅराबिनर सहज दोनशे ग्रॅम भरतो.

कुलूप कशाला, असे कुणी विचारील. कॅराबिनरच्या कण्यावर बारीक अक्षरांत तीन आकडे कोरलेले असतात. युरोपच्या नियमाप्रमाणे सर्वसाधारण कडीने लांबीच्या दिशेने, दार बंद असताना, किमान २० किलोन्यूटन भार सोसला पाहिजे, म्हणजे सुमारे दोन टन. दार उघडे असेल तर ७, आणि कडी आडवी ओढली गेली तर तेही ७. दोन टनांचा भरवसा एका उघड्या दाराने सातशे किलोवर येतो. दार उघडायला काय लागते? कातळाचा एखादा उंचवटा दाबला गेला, दोर आडवा घासला, हिसक्याने कडी थरथरली, एवढे पुरे. म्हणून जिथे एकाच कडीवर जीव टांगलेला असतो तिथे दारावर फिरकीचे टोपण हवे.

दिवाळी सरली की सह्याद्रीच्या कातळावर चढाईचा हंगाम सुरू होतो, आणि सामान घ्यायला निघालेली मुले वजनाचा आकडा आधी वाचतात. माझा सल्ला थोडा कुरकुरा आहे. मोठ्या कुलूपबंद कडीऐवजी हलकी घेतली तर नगामागे तीस-पस्तीस ग्रॅम वाचतात. सहा नग धरले तर बचत दोनशे ग्रॅम, म्हणजे एक पेलाभर पाणी. लांब चढाईत, उंच हिमालयात, ही बचत मोलाची आहे. परंतु ती सगळ्या कड्यांत सारखी करू नये. स्वतःला मुक्कामाच्या मेखेशी बांधून घेण्यासाठी, मेखांचा भार एकत्र आणण्यासाठी लहान, हलकी कडी खुशाल घ्यावी. जोडीदाराचा दोर सांभाळायला आणि दोरावरून उतरायला मात्र पेरूच्या आकाराची, रुंद पोटाचीच हवी. वेर्नर मुंटर ह्या स्विस वाटाड्याच्या नावाने ओळखली जाणारी गाठ १९७०च्या दशकात रूढ झाली. ती कडीत उलटसुलट फिरते आणि अरुंद कडीत कुचंबते. अशा रुंद कडीवर वर्तुळात एच हे अक्षर असते. हलक्या कडीची दोर टेकणारी कड बारीक असल्यामुळे दोरही जास्त झिजतो, हे हिशेबात धरावे.

टोपण साधे फिरकीचे घ्यावे की आपोआप बंद होणारे? आपोआपचे विसराळू माणसाला बरे, पण थोडे जड, आणि धूळमातीने अडखळते. त्यातले साध्या पिळाचे टोपण घासत्या दोराने उघडू शकते. साधी फिरकी हलकी आणि सरळ. ती विसरायची सोय मात्र आपल्याच हातात आहे. कडी अशी लावावी की फिरकी खाली सरकली तर बंदच होईल. भार असताना ती करकचून आवळू नये. भार गेल्यावर ती जाम होते आणि पुन्हा लटकल्याशिवाय सुटत नाही. दुकानात कडी हातमोजा घालून उघडून पाहावी. आणि किल्ल्यांच्या जुडग्याची कडी, कितीही दणकट दिसली तरी, दोराजवळ नेऊ नये.

जिथे शिकाऊ मुले दिवसभर एकाच दोरावर चढतात-उतरतात तिथे दोरातली धूळ कानशीसारखे काम करते आणि ॲल्युमिनियमवर खाच पडते. वरच्या आधाराला म्हणून पोलादच बरे. तिथे ते काही कुणाला वाहून न्यायचे नसते. खाचेच्या कडा धारदार झाल्या की त्या दोराची साल काढतात. घराची झाडलोट करताना माळ्यावरच्या सामानात अशी खाचेची कडी सापडली, तर चांगली दिसते म्हणून ती धाकट्या भावाला देऊ नये. करवतीने तिचे दोन तुकडे करावेत आणि भंगारात टाकावेत.