जलसमाधीतील राजाज्ञा

नाईलची पश्चिमेकडील शाखा भूमध्य समुद्रास जेथे मिळत असे, तेथे एके काळी इजिप्तचे मोठे बंदर होते. ग्रीक ग्रंथांत हेराक्लिऑन नगराचा उल्लेख येतो. इजिप्ती लेखांत थोनिस हे नाव आढळते. ही नगरे दोन की एकच, हे कोडे विद्वानांना दीर्घकाळ सुटले नव्हते. नगराचा तर भूमीवर मागमूसही उरला नव्हता.

इ. स. २००० मध्ये फ्रेंच संशोधक फ्रँक गोदियो यांना इजिप्तच्या पुरातत्त्व खात्याच्या सहकार्याने अबुकीरच्या उपसागरात, किनाऱ्यापासून सुमारे साडेसहा किलोमीटरवर आणि सुमारे दहा मीटर पाण्याखाली, या नगराचे अवशेष सापडले. गाळाखाली मंदिराच्या भिंती होत्या, शेकडो नांगर आणि साठांहून अधिक नौका होत्या, आणि हापी देवतेची पाच मीटरांहून उंच पाषाणमूर्तीही होती.

परंतु कोडे सोडविले ते एका काळ्या शिलालेखाने. इ. स. पूर्व ३८० मधील ही राजा पहिला नेक्टानेबो याची आज्ञा. ग्रीकांच्या समुद्रातून येणाऱ्या मालावरील जकातीचा दहावा हिस्सा साईस येथील नीथ देवीच्या मंदिरास द्यावा, असे तीत फर्माविले आहे. याच आज्ञेची दुसरी प्रत १८९९ मध्ये नॉक्रटिस येथे मिळाली होती. दोहोंत महत्त्वाचा भेद एवढाच, की शिळा कोठे उभारावी ते स्थान निराळे. आणि समुद्रातील प्रतीवर ते स्थान थोनिस असे कोरलेले होते. तेथील देव्हाऱ्यावरील लेखाने मंदिर आमोन-गेरेबचे ठरले. ग्रीक ज्यास हेराक्लिऑनचे मंदिर म्हणत ते हेच. अर्थात दोन्ही नावे एकाच नगराची होती.

इ. स. पूर्व ३३१ मध्ये अलेक्झांड्रियाची स्थापना झाली आणि व्यापार हळूहळू तिकडे वळला. पुढे इ. स. पूर्व दुसऱ्या शतकाच्या अखेरीस मुख्य मंदिर कोसळले. नगराचा पाया नदीच्या चिकणमातीचा होता. पाण्याने भिजलेली अशी माती भूकंपाचा हादरा बसताच द्रवासारखी होते, आणि वरच्या वास्तूंचा भार तिला पेलवत नाही. इ. स. आठव्या शतकापर्यंत उरलेसुरले नगरही समुद्राने गिळले.

ती शिळा कोरली गेली ती इतिहासासाठी नव्हे. कराचा वाटा कोणास जावा, एवढेच व्यवहारी काम तिच्याकडे होते. राजवंश गेला, मंदिर पडले, जकात थांबली. पण आज्ञा कोठे लावावी हे लिहिण्याची दक्षता त्या अज्ञात लेखनिकाने घेतली होती, आणि तिच्याच बळावर नगरास त्याचे नाव परत मिळाले.