पापनाशम
पापनाशम : तमिळनाडूच्या तंजावर जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात, तंजावर–कुंभकोणम रस्त्यावर व लोहमार्गावर वसलेले. 1855 पर्यंत टिकलेल्या भोसल्यांच्या तंजावर राज्याचा हा मुलूख. पालैवननाथर मंदिरातील नायककालीन विटांचे धान्यकोठार येथील भातशेतीची जुनी समृद्धी दाखवते. नोकरदार व विद्यार्थी बस-रेल्वेने दोन्ही शहरांकडे ये-जा करतात. वाढत्या रहदारीमुळे विक्रवांडी–कुंभकोणम–तंजावर महामार्गाचे (क्र. 36) चौपदरीकरण तीन टप्प्यांत हाती घेण्यात आले. सुगीत शेतकरी रस्त्याच्या कडेला भात वाळत घालतात. शेजारून ट्रक धावतात. रस्ते रुंदावून वस्ती पसरताना पाटांचे पाणी व भातखाचरे राखणे अगत्याचे आहे. या प्रदेशाचे जीवन त्यांवरच उभे आहे.