पाऱ्याचा प्रवास

पारा म्हटला की आम्हांस रसवैद्यांची भट्टी आठवते. परंतु वऱ्हाडाने लक्षात ठेवावा असा त्याचा अर्वाचीन इतिहास धुराड्याशी निगडित आहे.

1956 साली जपानात मिनामाता येथे पाऱ्याचा रोग उघडकीस आला. तेथे दोष कारखान्याच्या सांडपाण्याचा होता. पुढे स्वीडनमध्ये कारखान्यांपासून दूरच्या तळ्यांतील माशांतही पारा आढळला. तो वाऱ्याबरोबर आला होता. 1969 साली येन्सेन व येर्नेलोव्ह यांनी दाखवून दिले की, गाळातील सूक्ष्मजंतू पाऱ्याचे विषारी मिथिल-पारद बनवितात. ते शेवाळातून लहान माशांत, लहानांतून मोठ्यांत साठत जाते. पाणी मात्र नितळच दिसते. आपल्याकडे कोडाईकनालचा तापमापकांचा कारखाना 2001 साली बंद झाला. तेथील तळ्याच्या माशांतही पारा सापडला.

कोळशातही पारा अंशमात्र असतो. अकोला जिल्ह्यात पारस येथे 250 मेगावॉटचे दोन संच आहेत. अमरावतीजवळ नांदगाव पेठ येथेही औष्णिक केंद्र आहे. 2015 साली केंद्र सरकारने अशा केंद्रांच्या धुरातील पाऱ्यावर मर्यादा घातली. पण धुराडे मोजले म्हणजे ताट मोजले असे होत नाही. लहान मासे खाऊन वाढणारी मरळ हीच तळ्याची खरी साक्षीदार. तिची तपासणी दरवर्षी व्हावी, एवढेच आमचे मागणे आहे. मिनामाता येथे ही साक्ष माणसांच्या देहांनी दिली.